समोरच्याची भाषा कोणी ठरवायची?

२०२५च्या मे महिन्यात पातूरला बहिणीकडे गेलो होतो. परतताना अकोल्यासाठी काळीपिवळी पकडली. ड्रायव्हर पंचविशीतला पोरगा. मी विचारलं, "बावा, कवा निघते गाडी?" तो म्हणाला, "बस चाचा, दो सवारी और आने दो." मी म्हणालो, "मले पुढं बसू दे, मागं बसलो की गुडघे दुखतात माहे." तो म्हणाला, "हाँ हाँ, आगेच बैठो ना चाचा." तेवढ्यात धोतर-टोपीतले एक गृहस्थ आले. वय माझ्याइतकंच असेल. त्यांना तोच पोरगा म्हणाला, "या आजोबा, इथी बसा, सामान वर टाकतो मी."

अकोला येईपर्यंत आमचं असंच चाललं. मी वऱ्हाडीत विचारायचो, तो हिंदीत उत्तर द्यायचा. आजोबांशी वऱ्हाडी, माझ्याशी हिंदी. गिअर बदलावा तसा तो भाषा बदलत होता. त्यांना आजोबा आणि मला चाचा म्हणून त्यानं माझं वय एका पिढीनं कमी केलं, त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे. पण एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलेल्या माणसाला असा प्रवास थोडा जड जातो. माझी दाढी आणि टोपी त्याला दिसत होती. त्यापुढे माझ्या तोंडातून काय बाहेर पडतंय, हे त्याला ऐकूच येत नव्हतं.

हा अनुभव माझा एकट्याचा नाही. वऱ्हाडातल्या कोणत्याही मराठी बोलणाऱ्या मुसलमानाला विचारा. बँकेत, दवाखान्यात, भाजीबाजारात, पोरांच्या शाळेत हे रोज घडतं. आपण एवढं अंगवळणी पाडून घेतलंय की त्याच्याबद्दल बोलणंही आपल्याला क्षुल्लक वाटतं. दंगल झाली, नोकरी नाकारली, घर भाड्यानं दिलं नाही, तर त्याला अन्याय म्हणता येतं. "आगे बैठो चाचा" याला काय म्हणायचं? त्या पोरानं माझा अपमान केला का? मुळीच नाही. त्यानं मला पुढची सीट दिली. त्याच्या दृष्टीनं तो माझ्याशी माझ्या भाषेत बोलून माझा मान राखत होता. मग मला खटकलं काय?

मी बरेच दिवस यावर विचार केला. माझी अम्मी आज ऐंशीच्या पुढे आहे. तिचं माहेर बाळापूरचं, शिक्षण उर्दू चौथीपर्यंत. मराठी तिला समजते, पण बोलताना अडखळते. आमच्या दारावर येणारी भाजीवाली बाई इतर घरांत मराठी बोलते आणि आमच्या दारात आली की अम्मीसाठी तिची मोडकीतोडकी हिंदी सुरू होते. "अम्माजी, पालक एकदम कवळा है." कोवळा शब्दाला तिच्याजवळ हिंदी नाही, म्हणून तो तसाच येतो. अम्मीला ही बाई फार आवडते, मलाही. आता बघा, ड्रायव्हरनं जे केलं तेच ती करते आहे. तरी एकाचं मला बोचतं आणि दुसरीचं मला भावतं. ही माझी लबाडी तर नाही?

मला वाटतं नाही. भाजीवालीनं अम्मीला बोलताना ऐकलेलं आहे. तिची अडचण ओळखून ती स्वतः अवघड भाषेत शिरली. ड्रायव्हरनं मला ऐकलं नव्हतं, पाहिलं होतं. पाहून एक अंदाज बांधला यातही वाईट काही नाही, अंदाजाशिवाय जगात पाऊल टाकता येत नाही. पण मी बोलल्यावर तो अंदाज बदलायला हवा होता. तो बदलला नाही. कानानं दिलेली साक्ष डोळ्यानं फेटाळली. आपली खरी तक्रार हिंदीबद्दल नाहीच. आपण तोंड उघडून स्वतःबद्दल काही सांगितलं तरी समोरचा ते नोंदवून घेत नाही, ही तक्रार आहे.

कुरआनात सूरह इब्राहीममध्ये सांगितलं आहे की प्रत्येक पैगंबर त्याच्या लोकांच्या भाषेतच पाठवला गेला, त्यांना नीट समजावं म्हणून. आपल्याकडे वाजमध्ये हा मुद्दा क्वचितच येतो. मला त्यातला 'समजावं म्हणून' हा भाग महत्त्वाचा वाटतो. भाषा ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी निवडायची. मग त्याची सोय कशात आहे, हे त्याच्याकडूनच कळून घ्यावं लागतं.

याबाबतीत एक गंमत मी पाहिली. माणसापेक्षा यंत्र जास्त सभ्य निघालं. ए.टी.एम.मध्ये कार्ड घातलं की ते आधी विचारतं, भाषा निवडा. त्याला माझी टोपी दिसत नाही. मी मराठीवर बोट ठेवतो आणि ते मुकाट्यानं मराठीत पैसे मोजून देतं. आमच्या ओळखीतले पुष्कळ लोक म्हणतात, यंत्रानं माणुसकी संपवली. असेल. पण एकतीस वर्षांत मला "साहेब, कोणत्या भाषेत बोलू?" असं विचारणारा कारकून भेटला नाही, तो प्रश्न पहिल्यांदा एका लोखंडी पेटीनं विचारला. फोनवरच्या ग्राहक सेवेचंही तेच. मराठीसाठी अमुक आकडा दाबा. दाबला. पाच मिनिटं सनई ऐकली. मग खरा माणूस फोनवर आला, त्यानं पडद्यावर माझं नाव वाचलं आणि म्हणाला, "जी सर, बताइए." यंत्राला दिलेलं उत्तर माणसानं खोडून टाकलं!

अर्थात यंत्राचा हा भाबडेपणाही फार दिवस टिकला नाही. माझ्या मोबाईलवर मी मराठी गझला शोधतो, जुनी नाट्यगीतं ऐकतो. एकदा रमजानमध्ये अम्मीसाठी दोन-तीन नातिया कलाम लावून दिले. तेव्हापासून फोननं माझ्याबद्दल मत बनवलं. आता तो मला कव्वाली, अत्तर, शेरवानी आणि खजूर दाखवतो, तेही हिंदीत. ए.टी.एम. विचारत होतं, फोन विचारत नाही. तो त्या काळीपिवळीच्या पोरासारखाच झाला आहे, फक्त त्याच्याकडे सीट नाही.

बाजाराचा अनुभव वेगळा आहे. अमरावतीच्या इतवाऱ्यातले जुने व्यापारी पाहा. गिऱ्हाईक पायरी चढलं की पहिलं वाक्य अंदाजानं टाकतात, दुसरं वाक्य गिऱ्हाइकाच्या भाषेत. मी "भाऊ, पायजम्याचं कापड दाखवा" म्हटलं की क्षणात "या गुरुजी, बसा" होतं. नफ्याची आशा माणसाचे कान तीक्ष्ण करते हे कबूल. पण कारण काहीही असो, तिथं मला ऐकलं जातं. उलट नव्या मोठ्या दुकानांतून गणवेशातली मुलं सर्वांशी एकाच शिकवलेल्या हिंदी-इंग्रजीत बोलतात. धोतरवाल्या आजोबांशीही तेच, माझ्याशीही तेच. तिथं भेदभाव नाही. सुरुवातीला मला त्यात बरं वाटलं, हे खरं सांगतो. नंतर लक्षात आलं, तिथं ते आजोबाही माझ्यासारखेच परके झालेत. ही समता मला नको आहे.

आता ज्या पातूरहून मी येत होतो, त्या पातूरबद्दल. त्याच वर्षी, माझ्या भेटीच्या महिनाभर आधी, १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पातूर नगरपरिषदेच्या फलकाबद्दल निकाल दिला होता. प्रकरण थोडक्यात असं. नगरपरिषदेच्या इमारतीवरच्या फलकावर वर मराठीत नाव, खाली उर्दूत. नगरपरिषदेचं म्हणणं की १९५६पासून, म्हणजे तिच्या स्थापनेपासून, उर्दूचा असा वापर चालत आला आहे. एका माजी नगरसेविकेनं यावर हरकत घेतली. सरकारी कारभार मराठीतच हवा, फलकावरदेखील उर्दू नको. २०२०च्या फेब्रुवारीत नगरपरिषदेनं बहुमतानं ही मागणी फेटाळली. डिसेंबरमध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी ती मान्य केली. २०२१मध्ये अमरावतीच्या विभागीय आयुक्तांनी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश रद्द केला. मग नागपूर खंडपीठ, मग दिल्ली. मध्येच २०२२चा स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेचा कायदा आला, तेव्हा प्रकरण पुन्हा नागपूरला, २०२४मध्ये तिथं पुन्हा फेटाळलं गेलं, आणि पुन्हा दिल्ली. एका तालुक्याच्या गावातल्या फलकावरच्या एका ओळीसाठी पाच वर्षं.

न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांच्या पीठानं सांगितलं की मराठीत कारभार करण्याचं बंधन असलं तरी जोडीला दुसरी भाषा लिहू नये असं कायदा म्हणत नाही. मराठी आणि उर्दू दोन्ही घटनेच्या आठव्या परिशिष्टात आहेत. भाषा म्हणजे धर्म नव्हे, ती प्रदेशाची आणि माणसांची असते. आणि फलकाचं काम म्हणजे वाचणाऱ्याला कळणं. निकालानं एक आठवणही करून दिली की कोर्टात रोज वापरले जाणारे अदालत, हलफनामा, पेशी हे शब्द कुठून आले. योगायोग असा की १५ एप्रिल हा सुरेश भटांचा जन्मदिवस. १९३२ साली आपल्या अमरावतीत जन्मलेल्या या ब्राह्मणाच्या पोरानं उर्दूची गझल शिकून, पचवून ती मराठीच्या अंगणात लावली. योगायोगांना फार अर्थ चिकटवू नयेत, पण हा मला सांगावासा वाटला.

बहिणीच्या घरी या निकालाचा आनंद होता. मला मात्र तिथं एक अडचणीचं मत मांडावं लागलं, ते इथंही मांडतो. हरकत घेणाऱ्यांच्या बाजूनं एक प्रामाणिक मुद्दा असू शकतो. राज्याची भाषा एक असावी, सर्वांनी ती शिकावी, म्हणजे कोणी मागे राहणार नाही. मी स्वतः मराठीचा मास्तर. आपल्या मोहल्ल्यातली पोरं दहावीपर्यंत उर्दूत शिकतात आणि तलाठ्याच्या कार्यालयातला साधा अर्ज भरताना दुसऱ्याचं तोंड बघतात, हे मी आयुष्यभर पाहिलं आहे. त्यांना उत्तम मराठी यायलाच हवी, यात मला जराही शंका नाही. भावोजी मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही कुणाच्या बाजूनं?" मी म्हणालो, मी त्या पोरांच्या बाजूनं. पण फलकावरून उर्दू पुसल्यानं एकाही पोराची मराठी सुधारणार नव्हती. फक्त पातूरच्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला इमारतीचं नाव वाचता आलं नसतं. मराठी वर होती, मोठी होती, तिला कोणी हात लावला नव्हता. खालची ओळ खटकली ती कळत नव्हती म्हणून नाही. ती कोणाची आहे, हे डोळ्यांनी ठरवून टाकलं होतं म्हणून. बघा, गाडी पुन्हा त्या काळीपिवळीपाशीच येऊन थांबते. माझी मराठी ड्रायव्हरला ऐकू येत नव्हती, तसंच पातूरच्या त्या ओळीतलं नगरपरिषदेचं नाव कोणी वाचतच नव्हतं.

उर्दू म्हणजे मुसलमान आणि मराठी म्हणजे हिंदू, ही वाटणी आकड्यांतही बसत नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ३० लाख मुस्लिम होते आणि उर्दू ही मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख. उरलेल्यांत हिंदी आणि इतर भाषा सांगणारे असतील, पण कोकणापासून वऱ्हाडापर्यंत मराठी सांगणारेही मोठ्या संख्येनं आहेत. शेख महंमद श्रीगोंदेकरांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. १९९०मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष यू. म. पठाण होते आणि त्याच साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. या अंकाच्या वाचकांना हे सांगण्याची गरज नाही. सांगायचं ते त्यांना, जे हा अंक उघडणार नाहीत.

आणि आपल्याही घरात थोडं सांगायला हवं. ड्रायव्हर पोरानं "आगेच" म्हटलं, त्यातला 'च' कुठला? आपल्या दखनीत "मेरेकूच", "वोइच" म्हणतो, "नक्को" म्हणतो, ते मराठीचंच देणं. तरी मी लग्नकार्यात मराठीत दोन शब्द बोललो की अकोल्याकडचे पाहुणे हसतात. "मास्तर, अपने में तो अपनी जबान बोलो." एकदा एका शिकल्यासवरल्या गृहस्थानं मला विचारलं, तुम्ही दुआसुद्धा मराठीत मागता का? मी हो म्हणालो. अल्लाहला मराठी येत नाही असं मानणं मला जमत नाही. तो गृहस्थ काही बोलला नाही, पण त्याच्या नजरेत मी थोडा कमी मुसलमान झालो. बाहेरचा मला मराठी म्हणून ऐकत नाही आणि घरचा ऐकतो तो शंका घेऊन. यातलं अधिक काय दुखतं, ते ठरवणं मला अजून साधलेलं नाही.

यंदा धाकट्या मुलीचं लग्न ठरलं आणि दावतनाम्याची भाषा हा विषय घरात आला. अम्मी म्हणाली उर्दू. तिच्या बहिणी, बाळापूरचे लोक उर्दूच वाचतात. मी म्हणालो मराठी. माझे शिक्षक मित्र, शेजारी, माझे विद्यार्थी मराठी वाचतात. मुलगी म्हणाली, "अब्बा, आजकल कार्ड कौन छापता है?" तिनं इंग्रजीतली नाचणारी चित्रफीत फोनवर बनवूनही टाकली होती, त्यात तिचं नाव गुलाबाच्या पाकळ्यांतून बाहेर येतं. ती पाठवायला कागद लागत नाही, पैसे लागत नाहीत, अमरावती ते दुबई एका सेकंदात. मला ती वाईट वाटली नाही. पण अम्मीनं विचारलं, "इसमें मेरा नाम कहाँ है?" चित्रफितीत आजी-आजोबांना जागा नसते.

शेवटी कार्ड ठरलं, एका बाजूला उर्दू, एका बाजूला मराठी. उर्दू जुळवणी चांगली करणारा छापखाना अकोल्यात मिळाला. मराठी मजकूर मी फोनवर मराठीतच सांगितला. दोन दिवसांनी नमुना मोबाईलवर आला. उर्दू बाजू सुरेख. दुसऱ्या बाजूला देवनागरीत चक्क हिंदी! छापणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "नाव पाहिलं, म्हटलं तुमाले हिंदीच पाह्यजे असन, म्हणून मीनंच बदलून टाकलं." माणूस भला होता, त्यानं जास्तीची मेहनत घेतली होती. त्याच्याकडे मराठी पत्रिकेचा तयार साचा होता, पण तो 'आमचे येथे श्रीकृपेकरून'नं सुरू होणारा. तो मला कसा द्यावा, हा त्याच्यापुढचा पेच होता. मग आम्ही दोघांनी फोनवर बसून नवीन ओळ केली. 'आमच्या येथे अल्लाहच्या कृपेने'. तो म्हणाला, "गुरुजी, हे भारी झालं, हा साचा मी ठेवून देतो."

कार्डं आली. अम्मीनं उर्दू बाजू चष्म्याशी धरून तीनदा वाचली, नवऱ्या मुलाच्या आजोबांच्या नावातला एक नुक्ता राहिलाय हे तिनंच शोधलं. तो तिनं प्रत्येक कार्डावर पेननं दिला. साडेतीनशे नुक्ते.

मग मी वाटायला निघालो. शाळेतले मित्र, गल्लीतले शेजारी, मशिदीतले सोबती. चौथ्या-पाचव्या घरी माझं मलाच कळलं, की पिशवीतून कार्ड काढताना माझा हात दारातल्या माणसाकडे बघून बाजू ठरवतो आहे. काहींना मराठी बाजू वर, काहींना उर्दू बाजू वर. कोणाला विचारलं नव्हतं. त्या दिवशी शेवटचं कार्ड मशिदीतल्या एका साथीदाराला द्यायचं होतं. लांब दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, फळांचा गाडा. दहा वर्षं आम्ही एका सफीत उभे राहतो, बोलणं नेहमी सलाम-दुआपुरतं. मी उर्दू बाजू वर करून कार्ड दिलं. त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं, उलटलं, आणि बोट ठेवून मराठी वाचू लागला.

"मास्तर," तो म्हणाला, "उर्दू मले वाचता येत नाही ना."